तलाव नांगरणारी बाई

पारबताबाई कोणाशीही बोलायला लागल्या की आधी त्याच्या पायांकडे बघायच्या. चेहऱ्याकडे नंतर, आणि तेही गरज वाटली तर. पायांवरून माणूस कळतो असा त्यांचा दावा होता. शेतातला कोण, पाण्यातला कोण आणि खुर्चीतला कोण, हे त्या बिनचूक सांगत. मी खुर्चीतला निघालो.

सिंदेवाहीकडून आत, जंगलाच्या अंगाला गेलं की त्यांचं गाव लागतं. नाव लिहीत नाही. लिहिलं तर कोणीतरी माझं जुनं अंदाजपत्रक शोधून काढेल आणि निवृत्त माणसाला खुलासे द्यायला बसवेल. गावाला मालगुजारांच्या काळातला मोठा तलाव आहे. त्याच्या पाण्यावर खालच्या अंगाची धानाची शेती आणि त्यातल्या मासळीवर ढिवर मोहल्ला, अशी जुनी वाटणी. तलावातला गाळ काढून तो खोल करायचा, अशी सरकारची योजना आली आणि ते काम माझ्या टेबलावर पडलं. मी मोजमाप घ्यायला पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभा होतो. पायात नवे, पॉलिश केलेले बूट. एवढ्यात एक काळीसावळी, काटक बाई खांद्यावर हातजाळी टाकून गुडघाभर पाण्यातून वर आली. वय साठीच्या आसपास. लुगडं वर खोचलेलं. तिने माझ्या बुटांकडे पाहिलं.

"कोनते सायेब तुमी?"

"पाटबंधाऱ्याचा."

"म्हंजे पान्याचे. मंग जोडे काढा नं! पान्याचे सायेब आन् पान्यात नाई?"

माझ्याबरोबरचे मजूर खो खो हसले. मी हसलो नाही. मी त्यांना, म्हणजे पारबताबाईंना, योजना समजावून सांगितली. तलाव कसा साफ होणार, किती जास्त पाणी मावणार, त्याने दुबार पीक कसं घेता येणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पानी आहे म्हंजे तलाव नोहोय, सायेब. पानी तं हौदात बी राह्यते."

हे वाक्य मी त्या दिवशी अडाणीपणात जमा केलं. त्याला कारण आहे. मी घुग्घुसचा. वडील कोळशाच्या खाणीत. आमच्या घरात आई सकाळी फरशी पुसायची आणि दुपारपर्यंत तिच्यावर पुन्हा काळा थर बसलेला असायचा. झाडाच्या पानांवर धूळ, वाळत घातलेल्या कपड्यांवर धूळ, नाकातही तीच. स्वच्छ म्हणजे ज्यावर काही नाही ते, एवढंच आम्हाला ठाऊक. त्यामुळे तलावाच्या काठाशी माजलेलं ते गवत, ते शेवाळासारखं काहीबाही, तो चिखल पाहिला की माझे हात शिवशिवायचे. मी तो तलाव आईने फरशी पुसावी तसा पुसून काढला.

मशीन आलं, ट्रॅक्टर आले, आणि सगळा उन्हाळा काम चाललं. गाळ शेतकऱ्यांनी आनंदाने नेला. तळ मी एका पातळीत आणला, काठ सरळ उभे कापले. पारबताबाई रोज पाळीवर येऊन बसत. एकदा मशीनसमोर येऊन म्हणाल्या, "मधातलं खोदा, लागन् तेवढं खोदा. काठ नोका खोदू बाप्पा. काठावरच पोट आहे आमचं." मी म्हटलं, "बाई, काम नकाशाप्रमाणे करावं लागतं." त्या पुन्हा पाळीवर जाऊन बसल्या. पावसाळ्यानंतर तलाव काठोकाठ भरला, निळाशार दिसायला लागला. त्याचा फोटो आमच्या कार्यालयात लागला. साहेबांनी पाठ थोपटली. मी बायकोला आणि मुलांना गाडीत घालून तो तलाव दाखवायला नेला होता, हेही सांगून टाकतो.

धानाला पाणी पुरलं, हे खरं. पण ढिवर मोहल्ल्याची दशा झाली. ढिवरांच्या संस्थेने बाहेरून आणलेली मासोळी सोडली, ती वाढेना. तलावाची स्वतःची मासळी, म्हणजे मरळ, मागूर, झिंगे आणि बायका हातजाळीने धरायच्या ती बारीकसारीक, ती तर दिसेनाशीच झाली. मोठी मासळी पुरुषांची, ती वर्षातून काही वेळा निघते. रोजची मीठमिरची मात्र बायकांच्या हातजाळीवर चालायची, आणि तीच कोरडी वर यायला लागली. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मोहल्ल्यातली तरणी माणसं तेलंगणात मिरची तोडायला गेली. काही घुग्घुसकडे सिमेंटच्या कामाला लागली. पारबताबाईंचा मुलगा आणि सूनही गेले. घरांना कुलपं लागली. सरकारने तलावावर पैसा खर्च केला होता, तो तलावाला लागलाही होता, आणि त्याच पैशाने तलावावर जगणारी माणसं गावाबाहेर काढली होती. हे मला कोणी सांगितलं नाही, कारण आमच्या कागदात असा रकानाच नसतो.

सांगितलं ते पारबताबाईंनी. एक दिवस त्या कार्यालयात आल्या. मला वाटलं, आता तक्रार, आरडाओरड, मागून एखादा पुढारी. तसलं काही नव्हतं. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सायेब, चाला. एक घंटा द्या मले." मी गेलो. या वेळी त्यांनी सांगायच्या आधीच मी बूट काढले. त्या पुढे, मी मागे, असे आम्ही पाण्यात उतरलो.

"काय लागून राह्यलं पायाले?"

"काही नाही. टणक आहे. मुरूम."

"हो. मुरूम. इथी पयले चिला होता. तिथी गाद. त्या कोपऱ्यात देवधान. परसूड तं पार पाळीपर्यंत." एकेका वनस्पतीचं नाव घेऊन त्या हाताने जागा दाखवत होत्या. मेलेल्या नातेवाइकांची घरं दाखवावीत तशा. "गवतात मासोळी अंडे देते, सायेब. किडे तिथंच राह्यते, ते पिल्लं खाते. पाखरं बी त्याच्याच मागं येते. तुमच्या या गुळगुळीत पान्यात मासोळीनं अंडे ठेवाचे कुठी?"

  मग त्या जे म्हणाल्या ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. आवाजात राग नव्हता, उलट मलाच समजावत असल्यासारखा सूर होता. "तुमी घर चांगलं झाडलं, सायेब. पन झाडता झाडता चूल बी बाहेर फेकून देली."

त्याच वर्षी तलावासाठी आणखी निधी आला. या वेळी नाव होतं सुशोभीकरण. उरलेल्या काठाला सिमेंटची भिंत, वर सिमेंटचे गट्टू बसवलेला रस्ता, रेलिंग, बसायला बाकडी, बोटिंग. सरपंच दिवाकरभाऊ भला माणूस. गावात काही यावं, ही त्याची खरी तळमळ. ग्रामसभेत तो उभा राहिला आणि म्हणाला, "मोहर्लीले पाहा. तिथी लोकं वाघ दाखवून जगून राह्यले. आपल्याले वाघ दाखवता येत नाई त बोट दाखवू! आन् हा पैसा परत गेला तं पुढच्या साली आपल्याले कोनी पुसनार नाई." लोकांनी माना डोलावल्या. भिंत झाली असती तर तलावाचा काठ कायमचा संपला असता आणि कुलपं लावून गेलेली घरं पुन्हा उघडली नसती. हे त्या सभेत दोनच माणसांना नीट कळत होतं. एक पारबताबाई. दुसरा मी, आणि मी तोंड मिटून बसलो होतो.

पारबताबाई बायकांतून उठल्या. "दिवाकर, तुही लेक आली नं बाळंतपनाले?"

"हो काकू. पोरगा झाला."

"चांगलं झालं. बाळंतिनीले मासोळी देली का?"

आमच्याकडे बाळंतिणीला मागूर खाऊ घालतात. अंगात रक्त भरतं, दूध येतं, असा समज. त्या गावात ती मासळी विकत घ्यायची पद्धत नव्हती. ज्याच्या घरी बाळंतीण त्याच्या घरी ढिवरीण ती आपण होऊन नेऊन देई, आणि ते घर तिला धान देई.  उत्तर दिवाकरभाऊच्या बायकोने दिलं.

"देली नं. चंदरपूरवरून आनली. बरफातली."

"कुठची म्हने?"

"आंध्राची."

 पारबताबाईंनी आवाज चढवला नाही. "पाळीवर घर तुहं, आन् मासोळी येते आंध्रातून, बरफात निजून. या गावातून मासोळी सिंदेवाहीच्या बाजारात जात होती. मी सोता डोक्यावर नेली. आता सिमेंट टाका काठावर. मंग नातवाले काय, बोट चाटवशीन?" कोणीतरी हसलं. त्या माझ्याकडे वळल्या. "सायेब, हे पैसे दुसऱ्या कामाले लावता येते का नाई? खरं सांगा."

नाही म्हणणं सोपं होतं. नियम माझ्या बाजूने उभे राहिले असते. मी म्हणालो, येतात, पण ग्रामसभेचा ठराव लागेल, आणि आधीचं काम कुठे चुकलं हे मला लिहून द्यावं लागेल.

"मंग लिवा," त्या म्हणाल्या. "चूक लिवाले का हात दुखते?"

हात नाही, पण पोट दुखलं. खात्यात चूक झाली की ती पावसावर, ठेकेदारावर किंवा बदली होऊन गेलेल्या माणसावर ढकलायची असते. मी लिहिलं की उथळ काठाचा विचार न करता तळ एकसारखा खोदण्याचा निर्णय माझा होता आणि त्यामुळे मासळीचं नुकसान झालं. सोबतचे म्हणाले, वेडा झालास काय? फाइल दोनदा परत आली. तिसऱ्यांदा मंजूर झाली. भिंत रद्द. त्याऐवजी काठावर मधल्या काळात माजलेली बेशरमाची झुडपं उपटणं, उतार पुन्हा तयार करणं, पाणवनस्पती लावणं, आणि हे सगळं गावाच्याच हातांनी, रोजीवर. पारबताबाईंची एक मागणी मात्र मला बसवता आली नाही. लागवडीआधी त्यांना तलावाचा कोरडा काठ नांगरून हवा होता. घट्ट झालेल्या मुरमात मुळं धरणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आमच्या दरसूचीत विहीर खोदण्यापासून दगड रचण्यापर्यंत सगळ्याचे दर आहेत. तलाव नांगरण्याचा नाही. मी हे अपराध्यासारखं त्यांना सांगितलं.

"रेट नाई त नाई," त्या म्हणाल्या. "बैल तं आहे."

मे महिन्यातली ती सकाळ मी पाळीवर उभा राहून पाहिली. धान करणाऱ्या कुणब्यांनी बैलजोड्या दिल्या, दिवाकरभाऊची जोडी सगळ्यात पुढे. आजूबाजूच्या गावांतली माणसं तमाशा बघायला आली. तलाव नांगरणारे लोक म्हणून आमची टिंगल सिंदेवाहीच्या बाजारापर्यंत पोचली. पारबताबाई नांगराच्या मागे मागे, अनवाणी, ढेकूळ पायाने फोडून बघत चालत होत्या. मध्येच ओरडत, "आणखी खालतं घाल गा! हे का शेवया करून राह्यला?" पहिला पाऊस पडून ती माती भिजली तेव्हा दुसऱ्या एका जुन्या तलावातून ओल्या पोत्यांतून मुळं आणली आणि बायका ओळीने वाकल्या. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, करतात तसाच त्यांनी तलावात रोवणा केला.

पहिल्या वर्षी फसलं. एका दिवसात इतकं पाणी आलं की निम्मी मुळं सुटून वर तरंगायला लागली. टिंगल करणाऱ्यांना नवा विषय मिळाला, आणि मला माझ्या फाइलवरची ती कबुली आठवून झोप लागेना. पारबताबाईंनी तरंगणारी मुळं जाळीने गोळा केली, घरामागच्या खड्ड्यात जगवली आणि पुढच्या वर्षी पुन्हा लावली. या वेळी प्रत्येक मुळाला मातीच्या गोळ्यात घट्ट बांधून. मी विचारलं, हे कुठे शिकलात? त्या म्हणाल्या, "शिकतो कुठी? माह्या चुकीनंच शिकवलं. तुमी लिवून ठेवता, मी करून पायतो, एवढाच फरक."

लागवडीच्या जागेत जाळं टाकायचं नाही, असा त्यांचा हुकूम होता. त्यांच्या सख्ख्या पुतण्याने एका संध्याकाळी तिथे जाळं लावलं. त्यांनी ते ओढून काढलं, घरी नेलं आणि पावसाळा संपेपर्यंत दिलं नाही. पुतण्या वर्षभर बोलला नाही. एक मोठे अधिकारी पाहणीला आले आणि जाताना सहज म्हणाले, चार मरळ मिळतील का? मी घाबरून पारबताबाईंकडे पाहिलं. त्यांनी अधिकाऱ्यांच्या पायांकडे पाहिलं. "मिळन् नं सायेब. तीन सालानं या." अधिकारी चांगले होते, हसले. मी त्यांना घाईघाईने गाडीत बसवलं.

तीन वर्षं लागली नाहीत. आधी पाखरं आली, मग झिंगे, मग काठाच्या गवतात मरळीच्या पिल्लांचा लालसर थवा दिसला आणि मोहल्ल्यातल्या बायका तो बघायला लेकरं कडेवर घेऊन धावल्या. पारबताबाई तिथेच पाळीवर बसून रडल्या. मी त्यांना रडताना तेवढंच पाहिलं. हातजाळी पुन्हा भरायला लागली, सिंदेवाहीच्या बाजारात बायकांची ओळ पुन्हा बसायला लागली. मग मिरचीचा हंगाम आला आणि पारबताबाईंचा मुलगा गेला नाही. त्याच्या मागोमाग दुसऱ्याने बेत रद्द केला. कुलपं एकेक करून निघाली. कोणी मिरवणूक काढली नाही, कोणी फोटो लावला नाही. मधला खोल भाग तसाच ठेवला होता, त्यामुळे धानालाही पाणी मिळत राहिलं. आधीच्यापेक्षा हे काम स्वस्तात झालं, आणि त्यातला बहुतेक पैसा गावातच फिरला.

पुढे आमच्या खात्याने तरुण अभियंत्यांच्या प्रशिक्षणाला त्यांना बोलावलं. हे मी जमवलं होतं, आणि मनातून धास्तावलोही होतो. त्या माईकजवळ गेल्या, समोरच्या पोरांकडे बघून म्हणाल्या, "तुमच्यातल्या किती जनाले पोहता येते?" सात-आठ हात वर झाले. "बाकीच्याईनं आधी पोहा, मंग नकाशे काढा," एवढं बोलून त्या खाली बसल्या. दिलेला वेळ तासाभराचा होता. उरलेल्या वेळात पोरांनी त्यांना जे प्रश्न विचारले तसे मला सगळ्या नोकरीत कोणी विचारले नाहीत. मी मागच्या रांगेत बसलो होतो आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होतो, आमच्या बाई आहेत त्या. आमच्या!

गेल्या वर्षी, थंडीत, त्या गेल्या. ताप आला आणि चार दिवसांत आटोपलं. निरोप मिळाल्याबरोबर मी चंद्रपूरहून निघालो. वाटेत दिवाकरभाऊने फोनवर एक गोष्ट सांगितली, जी मला इतकी वर्षं माहीत नव्हती. तलाव मेला होता त्या वर्षांत पारबताबाईंचे थोरले दीर वारले. ऐन मिरचीचा हंगाम. मोहल्ल्यात खांदा द्यायला चार पुरुष नव्हते. दोन म्हातारे मिळाले, आणि उरलेल्या दोन जागी पारबताबाई आणि त्यांची जाऊ लागल्या. त्या मला कार्यालयात बोलवायला आल्या होत्या ते त्यानंतर दुसऱ्याच दिवशी. तासभर माझ्याबरोबर पाण्यात उभ्या होत्या. दिराबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत.

मी पोचलो तेव्हा तिरडी निघाली होती. हंगाम मिरचीचाच होता. मोहल्ल्यातली सगळी तरणी माणसं घरी होती, आणि ढिवरांच्या जोडीला कुणब्यांची पोरं, बौद्ध वस्तीतली पोरं, सगळी. दर दहा पावलांवर खांदा बदलत होता. पुढे कोणी सरकलं की मागचा लगेच आत शिरत होता. ज्याने जाळं हिसकावल्याबद्दल अबोला धरला होता तो पुतण्या कोणाला जागाच देईना. मी बूट हातात घेऊन पाळीवरून चालत होतो, दोनदा पुढे गेलो, दोन्ही वेळा गर्दीने मला हलकेच मागे सारलं. अपमान करायचा कोणाचाच हेतू नव्हता, माणसंच तेवढी होती.

स्मशान आलं. मला काही खांदा द्यायला मिळाला नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत ज्याचा मला इतका अभिमान वाटावा असं दुसरं काही माझ्या वाट्याला आलेलं नाही.